पाव तोळा धूळ

आमचे शेजारी नाना खानविलकर कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीवरून बोट फिरवायचे. मग ते बोट यजमानाच्या डोळ्यांसमोर धरून शांतपणे म्हणायचे, "पाव तोळा." यजमानानं ओशाळून फडकं आणलं की ते नानांच्या ताब्यात जायचं. चहा येईपर्यंत खुर्ची, रेडिओ, खिडकीचे गज आणि कॅलेंडरची मागची बाजू उरकलेली असायची. चहा ते उभ्यानंच प्यायचे.

नाना खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीत आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकटेच राहत. मूलबाळ नव्हतं, आणि पत्नी आम्ही तिथं राहायला येण्याआधीच गेल्या होत्या. उभा जन्म गाड्या पुकारण्यात गेल्यामुळे आमच्याकडून निघतानाही ते दारात उभे राहून पुकारा करायचे, "कर्णिकांच्या घरून सुटणारी, जिनामार्गे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." आतून माझी बायको पोहे टाकल्याचं सांगायची, आणि गाडी तासभर रद्द व्हायची.

"धूळ रजेवर जात नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. तळमजल्यावरच्या देसायांकडे सत्यनारायणाला मंडळी प्रसादाला बसली असताना नानांची नजर वर गेली आणि ते स्टुलावर चढले. पंख्याच्या तिन्ही पात्यांची धूळ प्रसादाच्या शिऱ्यात उतरली. पुढच्या वर्षी देसाई आमंत्रणाला आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "नाना, अवश्य या. पंखा कालच पुसलाय."

नानांच्या गोष्टी सांगण्याचा मक्ता माझ्याकडे होता. त्यातही कॉम्प्युटरची गोष्ट सगळ्यांत जास्त चालायची. लग्नांत, सहलींत, माझ्या निरोपसमारंभातसुद्धा मी ती सांगितली, आणि दर वेळी हशा पिकतो तिथं थांबवली. नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा माझी मुलगी मेधा तिच्या मुलाला ती गोष्ट सांगत होती. माझेच शब्द, माझ्याच जागा, आणि थांबलीही तिथंच. तेव्हा वाटलं, उरलेली आता मीच सांगायला हवी.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्या मजल्यावर कॉम्प्युटर फक्त आमच्याकडे होता. मेधाच्या अभ्यासासाठी ठाण्याहून जुना घेतलेला. टेबल अरुंद असल्यामुळे त्याचं खोकं आडवं फिरवून ठेवावं लागे, म्हणजे मागचा पंखा थेट बसणाऱ्याच्या तोंडाकडे यायचा. नाना रोज संध्याकाळी येऊन मेधाच्या मागे उभे राहायचे. मशीन सुरू होऊन पडद्यावर अक्षरं उमटली की म्हणायचे, "आली गाडी फलाटाला." स्वतः त्यांनी कधी एक बटण दाबलं नाही. पुसत मात्र असायचे.

एका रविवारी आम्ही सगळे शहाडला लग्नाला गेलो. किल्ली नेहमीप्रमाणे नानांकडे होती. संध्याकाळी परत आलो तर नाना आमच्या खोलीत, हातात दाढीचा ब्रश, आणि चेहऱ्यावर दसऱ्याला गाडी धुऊन हार घातलेल्या ड्रायव्हरचा आनंद. खोकं उघडून, आतलं सुटं होईल ते सुटं करून, ब्रशनं झाडून त्यांनी पुन्हा बंद केलं होतं. ब्रश कोरा आणलेला आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मेधानं बटण दाबलं. पडदा काळाच. आतून नुसतं पीं, पीं, पीं.

"हॉर्न वाजतोय," नाना म्हणाले. "म्हणजे बॅटरी शाबूत आहे."

मेधाला दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचा होता, आणि तो सगळा त्या खोक्यात होता. तिचं तोंड पांढरं पडलं. नानांनी मात्र डेपोतलं एकूणएक ज्ञान पणाला लावलं. डिझेलात हवा शिरली की असंच होतं म्हणाले. मग मशीन थंड होऊ द्यावं म्हणून त्याला वारा घातला. शेवटी धक्का मारून बघू म्हणाले, आणि खोकं खरोखरच दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवू लागले. पीं, पीं, पीं. मध्येच टेबलावरची वर्तमानपत्राची एक पुडी उचलून ते मला काहीतरी दाखवू पाहत होते. तेव्हा मी म्हणालो, "नाना, तुमची धूळ तुमच्याकडे ठेवा आणि घरी जा."

नाना गेले. त्या दिवशी गाडी पुकारली नाही.

मेधानं ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्या दुकानदारांना फोन लावला. आवाज ऐकूनच ते म्हणाले, आत मेमरीच्या बारक्या पट्ट्या आहेत, त्यांतली एखादी नीट बसलेली नाही. तिरकी घाला, सरळ उभी करा, कट् असा आवाज आला पाहिजे. मेधानं खोकं उघडलं. एक पट्टी बेवड्यासारखी शेजारणीवर रेलली होती. कट् झालं, आणि गाडी फलाटाला लागली.

हशा इथं पिकतो. मी इथंच थांबायचो.

त्यानंतर मी नानांकडे गेलो. दार उघडंच होतं. ते दिवा न लावता खुर्चीवर बसले होते आणि मांडीवर ती पुडी उघडी होती. आत मूठभर काळी-करडी धूळ, कापसासारखी पिंजलेली.

"कर्णिक, हे त्या खोक्यातून निघालं," ते म्हणाले. "पोरगी त्याच्यासमोर बसली की खोकते. रोज. मी मागे उभा असतो ना, मला ऐकू येतं. तो पंखा हे सगळं तिच्या तोंडावर फेकत होता."

मग पुडीकडे बघत ते पुढे बोलू लागले.

"आमच्या हिला दमा होता. मी डेपोतून यायचो तो खाकी शर्ट धुळीनं माखलेला. ती दारात घ्यायची, गॅलरीत नेऊन झटकायची. मग बसायची खोकत. इतकी वर्षं झटकला तिनं, आणि एकदा माझ्या मनात आलं नाही की आपण झटकावा. बायकांचं काम वाटायचं."

त्यांनी पुडीची घडी घातली. मी घाईनं सांगितलं की मशीन सुरू झालं, पट्टी बसली नव्हती एवढंच, मेधाचा प्रोजेक्ट सुखरूप आहे. मला वाटलं त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना फारसं महत्त्वाचं वाटलं नसावं.

"बसलीय का ती त्याच्यासमोर?"

"बसलीय."

"मग आता खोकला येतोय?"

मी मेधाचा बाप. त्याच खोलीत मी रोज वर्तमानपत्र वाचत बसायचो. ती खोकते हे मला नानांनी सांगितलं तेव्हा कळलं, आणि आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, ती खोकली की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं.

"नाही, नाना," मी म्हणालो. "अजिबात नाही."

नानांनी समाधानानं मान डोलावली. मी घरी परत आलो, वर्तमानपत्र न उघडता मेधाच्या मागे जाऊन उभा राहिलो, आणि ऐकू लागलो.