ढेबेमामा आणि कच्चा लिंबू

ढेबेमामांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची आणि शर्टाच्या खिशात कायम लिंबू. शिट्टीचं एक वेळ समजू शकतं, माणूस कबड्डीचा पंच होता. पण लिंबू? महाडच्या बाजारातली भाजीवाली तर त्यांना पाहिलं की पदर सावरून बसायची. दर सोमवारी हा माणूस येतो, पन्नास लिंबं चाचपतो, त्यातलं एकच घेतो आणि तेसुद्धा हिरवंगार, रस नसलेलं. हा नक्की कुणावर तरी काहीतरी करतोय, अशी तिची पक्की समजूत होती.

करत ते होतेच, पण करणी नव्हे. मामांचं एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत सायबर होतं आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. मधे एक प्लायवूडची भिंत. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते सगळं मी पाहिलेलं आहे, आणि जे पाहिलेलं नाही ते ऐकलेलं आहे.

मामा मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवरचे. तीस वर्षं मुंबईला गोदीत नोकरी आणि संध्याकाळी परळच्या मैदानांवर पंचगिरी. नोकरी संपल्यावर एका भाच्यानं त्यांच्या डोक्यात सायबर भरवलं, सहा कॉम्प्युटर एकमेकांना वायरीनं जोडून दिले आणि तो दुबईला निघून गेला. मामींनी वाडीवरच्या म्हशी सोडून खाली यायला साफ नकार दिला आणि मामांना सहा कॉम्प्युटर सोडून वर जाता येईना. मामा दुकानामागच्या खोलीत एकटे राहायचे आणि फक्त गुरुवारी वाडीवर जायचे. कॉम्प्युटरचं त्यांना बटण चालू करण्यापलीकडे काही कळत नव्हतं, निदान आमचा तसा समज होता.

सायबर म्हटलं की इंटरनेट, पण तेव्हाचं महाडचं इंटरनेट म्हणजे एक पान उघडेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा पिऊन यायचं. पोरं यायची ती गेमसाठी. गेम साधा होता. तिघं पोलीस, तिघं अतिरेकी, सगळ्यांच्या हाती बंदुका, दिसेल त्याला उडवायचं. या खेळाचा राजा होता विक्या. वय बावीस, बी.कॉम.ला दोनदा बसलेला, पण माऊस हातात आला की त्याच्यापुढे कुणाचं चालत नसे. नवीन कुणी येऊन बसला की विक्या त्याला दारातच गाठायचा. बिचाऱ्याला आपण पोलीस आहोत की अतिरेकी हे कळायच्या आत तो आडवा. पुन्हा उठला, पुन्हा आडवा. वर बाकीच्यांचं फिदीफिदी हसणं. नवा माणूस दहा मिनिटांत कान लाल करून उठायचा, तो पुन्हा त्या गल्लीत दिसत नसे.

मामांनी हे आठवडाभर पाहिलं. आठव्या दिवशी दुकानात शिट्टी वाजली. ती इतकी जोरात होती की पलीकडे माझ्याकडचं एका गिऱ्हाइकाचं रेशनकार्ड मशीनमध्ये तिरकं गेलं.

"फाऊल हाय ह्यो!" मामा ओरडत होते. "चलेगा नाय! आदी खेळात घ्या, मंग मारा! दारात आलेल्या मानसाला पानी तरी इचारतो का नाय आपून?"

"मामा, गेम आहे तो," विक्या म्हणाला.

"गेम हाय म्हनूनच बोलतोय."

आणि त्या दिवशी मामांनी खिशातून लिंबू काढून नव्या माणसाच्या मॉनिटरवर ठेवलं. लहानपणी लगोरीत, लपाछपीत एखादं शेंबडं पोर यायचं, त्याला आपण कच्चा लिंबू म्हणून घ्यायचो. तो धावायचा, ओरडायचा, सगळं करायचा, पण बाद व्हायचा नाही. मामांनी तोच कायदा बंदुकांना लावला. पहिल्या सात बैठका नवा माणूस कच्चा लिंबू. त्याला मारायचं नाही. चुकून मारलाच, तर मारणाऱ्यानं स्वतः एक डाव उठायचं आणि लिंबाच्या शेजारी स्टूल घेऊन त्याला शिकवायचं. हसला, तर दोन डाव. शिवाय खेळायच्या आधी सहाही जणांनी उठून एकमेकांशी हात मिळवायचे.

पोरांनी गेममध्ये नावं घेतलेली असायची ती 'किलर', 'सायको', 'खतरनाक' असली. मामांनी तीही बंद केली. "नाव वाचूनच नवा मानूस पळंल. आपापल्या गावाचं नाव लावा." झालं. पडद्यावर कोण कुणाला मारतंय याची यादी इंग्रजीत सरकत असते, तीत आता गावं एकमेकांना मारू लागली. एकदा वरंधचे एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे सातबाराची झेरॉक्स काढायला आले होते. त्यांनी सहज पलीकडे डोकावून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बिरवाडीवाल्यांनी आमच्या वरंधला मारलान असं लिवलंय थयं. कधी झाला ह्यो परकार?"

पोरांनी कायद्यातून पळवाटा काढल्या नसत्या तर ती महाडची पोरं कसली. विक्यानं लगेच शोधून काढलं की लिंबाला कुणी मारत नाही, म्हणजे लिंबाच्या मागे उभं राहावं. मग एक कच्चा लिंबू चौकात भांबावून उभा आणि त्याच्या पाठीमागे तीन धट्टेकट्टे पोलीस रांगेत, असं दृश्य दिसू लागलं. मामांनी शिट्टी फुंकून नियम वाढवला: लिंबाच्या आडोशाला गेलेला बाद. दुसऱ्या एकानं सात बैठका संपल्यावर मिशी काढली आणि नवीन नाव सांगून पुन्हा लिंबू व्हायला आला. त्याला मामांनी हात मिळवतानाच ओळखलं.

कशेडी घाटात दरड कोसळली की महाड स्टँडवर माणसांचा आणि हायवेला ट्रकचा खच पडायचा. अशाच एका दुपारी पंजाबकडचा एक ट्रक ड्रायव्हर पाऊस चुकवायला मामांच्या दुकानात शिरला. मामांनी त्याला सरळ खुर्चीत बसवलं आणि मॉनिटरवर लिंबू ठेवलं. त्या भल्या माणसानं लिंबाकडे पाहून आधी हात जोडले. "अपनी गाडी में भी है," तो म्हणाला, आणि बाहेर ट्रकवर जाऊन मिरच्या घेऊन आला. सात हिरव्या मिरच्या लिंबाखाली ठेवून मगच त्यानं माऊसला हात लावला. चार तास खेळला. घाट मोकळा झाला तेव्हा निघताना सगळ्यांशी हात मिळवून विक्याला त्यानं अशी मिठी मारली की विक्या दोन दिवस बरगड्या चोळत होता.

पण खरी मजा झाली ती कदम गुरुजींची. गुरुजी तुडीलच्या शाळेत. सरकारनं मास्तरांना कॉम्प्युटर शिकायला सांगितलं म्हणून दर शनिवारी दुपारची एस.टी. पकडून महाडला यायचे. मामांनी त्यांना टायपिंगपेक्षा हे बरं म्हणून गेमला बसवलं. याच गुरुजींनी विक्या चौथीत असताना त्याला पाढ्यांवरून अंगठे धरून उभं केलं होतं. विक्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी प्लायवूडच्या फटीतूनसुद्धा पाहिली. पण गुरुजी लिंबू! सात शनिवार! विक्यानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारायला सुरुवात केली. दर शनिवारी गुरुजी पडद्यावर त्याच्यासमोरून हात मागे बांधल्यासारखे शांत फिरायचे आणि विक्या दातओठ खात बघायचा.

आठव्या शनिवारी लिंबू उतरलं. पाहायला टपरीवालासुद्धा आला. विक्या बंदूक रोखून दाराशी दबा धरून बसला. गुरुजी दारात आले आणि खुर्चीतूनच, मान न वळवता म्हणाले, "विकास, सव्वीस साते?"

विक्याचा हात माऊसवरून आपोआप उठला आणि बोटांवर मोजू लागला. तेवढ्यात गुरुजींनी त्याला उडवला.

"एकशे ब्याऐंशी," गुरुजी म्हणाले. मामांची शिट्टी हसण्यामुळे वाजेचना. नुसती हवा येत होती.

अशी दोन वर्षं गेली. त्या सहा खुर्च्यांवर कॉलेजची पोरं बसली, एम.आय.डी.सी.तले फिटर बसले, एक पोस्टमन बसला, मीही बसलो. माझ्या सात बैठका संपूनही मामांनी मला आणखी तीस दिवस लिंबू ठेवलं. "झेरॉक्स, तुजं काय खरं नाय," एवढंच म्हणाले. महाडात त्या वर्षांत कुणी नवा, बुजरा, एकटा माणूस आला तर संध्याकाळी पाचला कुठे जायचं हे त्याला कुणीतरी सांगायचंच.

एका दुपारी लोडशेडिंग होतं. वीज तीनला यायची ती अडीचलाच आली. चहा सांगू का, असं विचारायला मी पलीकडे गेलो. दुकान रिकामं होतं. फक्त कोपऱ्यातल्या सहाव्या मशीनवर दाराकडे पाठ करून मामा बसले होते, आणि खेळत होते. समोरचे पाचही कॉम्प्युटरनंच उभे केलेले खोटे खेळाडू. मामांच्या मॉनिटरवर लिंबू होतं. खोट्या खेळाडूंना त्याचं काय? ते धडाधड मामांना मारत होते. मामा प्रत्येक वेळी हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये इतकी बारीक शिट्टी वाजवायचे आणि पडद्याला म्हणायचे, "अरे लिंबू हाय रे. दिसत नाय? आदी खेळात घ्या की."

मला हसू आलं आणि तिथल्या तिथे अडकलं. मामांचा हात माऊसवर सराईत फिरत होता. म्हणजे हे आजचं नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "मग आमच्यात का नाही खेळत?"

ते दचकले. लिंबू झटकन खिशात टाकलं. मग म्हणाले, "कोनी बोलावला नाय."

"अहो, दुकान तुमचं!"

"दुकान माजं हाय. खेळ तुमचा." गळ्यातली शिट्टी बोटांत धरून ते सांगू लागले. "वाडीवरनं शाळंला उतरलो तवा बारा वर्सांचा होतो. अंगाला म्हशींचा वास. पोरं बोलली, तू बाहेर ऱ्हा, शिट्टी मार. ती मारली. मुंबैलाबी मारली. रेषेच्या आत पाय टाकला नाय कदी. पंचाला कोन घेतो रे खेळात?"

मला खरोखर लाज वाटली. दोन वर्षं हा माणूस रोज ओरडत होता, आधी खेळात घ्या म्हणून, आणि आम्ही गावभरच्या माणसांना घेत होतो.

मी विक्याला सांगितलं. त्यानं नुसतं नाक ओढलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पाच वाजता सहाच्या सहा खुर्च्या भरलेल्या आणि बाहेर बाकावर आणखी तिघं वाट पाहत बसलेले. तेवढ्यात गुरुजी आपल्या खुर्चीतून उठले आणि "आज जरा डोळे दुखताहेत" म्हणत दाराशी जाऊन उभे राहिले.

"मामा," विक्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "एक माणूस कमी पडतोय. येता का?"

मामांनी बाकावरच्या तिघांकडे पाहिलं. तिघंही एकदम छताकडे बघू लागले. मामांनी गळ्यातली शिट्टी काढून गुरुजींच्या हातात दिली, सगळ्यांशी हात मिळवले आणि खुर्चीत बसले. विक्यानं त्यांच्या खिशातलं लिंबू काढून मॉनिटरवर ठेवलं. मामांनी ते उचललं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"लिंबू नको."

डाव सुरू झाला. मामा चौकाच्या मधोमध येऊन उभे राहिले. समोरून तिघं आले, थांबले, आणि एकमेकांकडे बघत बाजूनं निघून गेले. दुसऱ्या डावातही तेच. मामांवर गोळी झाडायला कुणाचं बोट उठेना. तिसऱ्या डावात मामांनी बंदूक खाली घातली आणि रडकुंडीला आलेल्या आवाजात म्हणाले, "मारा की रे कोनीतरी! मला खेळात घेतलंत का नाय?"

विक्यानं डोळे मिटून घेतले आणि गोळी घातली. मामा पडले. पडद्यावर त्यांच्या वाडीचं नाव सरकत गेलं. बहुधा पहिल्यांदाच ते कुठल्या पडद्यावर आलं असावं.

"बाद!" मामा स्वतःच ओरडले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. इतका आनंदी बाद झालेला माणूस मी पाहिलेला नाही. टपरीवर, भाजीवालीकडे, स्टँडवर, दिसेल त्याला ते अडवून सांगत होते, "विक्यानं मारलान मला. डोक्यात मारलान, सरळ!"

त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी मामी बाजाराला उतरल्या. डोक्यावरचं तुपाचं मडकं माझ्या काउंटरवर ठेवून त्यांनी घाम पुसला आणि पलीकडे मामांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "काय रे बाबा, हेंना कुनी मारला काय हितं?"

मी गडबडून म्हटलं, "नाही हो मामी, ते आपलं खेळातलं."

"गुरुवारी आलं ते सगल्या वाडीला सांगत फिरलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्यानी. झोपंत हसलं." मामींनी मडकं पुन्हा डोक्यावर चढवलं. "कोन तो विक्या, त्याला सांग माज्या नावानं. अधनंमधनं मारीत जा म्हनावं."