डाव्या स्पीकरचं ठिगळ

दत्ताकाकांच्या घरी पाणी नंतर मिळतं, आधी खुर्ची मिळते. फरशीवर ऑइलपेंटनं चार गोल काढलेत, त्यांत तिचे चार पाय. बसायचं आणि मान हलवायची नाही. समोर कमरेएवढे दोन स्पीकर. सिलिंडरवाल्यालासुद्धा त्यांनी तिथे बसवून सतार ऐकवली आहे. तो बिचारा नुसती सही मागत होता.

वाजवून झालं की एकच प्रश्न, "माणूस आला का?" म्हणजे वाजवणारा, गाणारा समोर येऊन बसल्यासारखा वाटला का. मी शेजारीण, त्यामुळे रोजची बळी. एकदा आमटी करपेल म्हणून "आला, आला" करत उठले, तर म्हणाले, "खोटं बोलू नको गो. आवाज आला. माणूस नाय आला."

काका रोह्याला कंपनीत फिटर होते. तिथला परदेशी साहेब मायदेशी जाताना हे स्पीकर त्यांना विकून गेला. इथे गावी, वरसेला आणताना टेम्पोत गाद्या टाकल्या, गाद्यांवर स्पीकर, मध्ये काका. जागा उरली नाही म्हणून काकू मागून चालत आल्या. हे त्यांनी जन्मभर ऐकवलं.

निवृत्तीनंतर काकांनी स्पीकर सुधारायला घेतले. आतल्या वायरी बदलल्या, बारीक आवाजाचे ट्वीटर नवे आणले, मोबाइलवरून स्वर कमीजास्त करणारा अँप्लिफायर आणला. राहिले ते जाड आवाजाचे दोन जुने वूफर, कागदी पडद्याचे. त्यांतल्या डाव्याला ठिगळ होतं.

एका गणपतीत उंदरानं तो पडदा कुरतडला. काका दोन दिवस जेवले नाहीत. काकू पेणच्या, रामवाडीच्या. माहेरी मूर्तींचा कारखाना. "आमच्याच बाप्पाचा उंदीर, मलाच निस्तरायला हवं," म्हणत त्यांनी मूर्तीची चीर बुजवतात तसा पातळ कागद खळीनं चिकटवला आणि डोळे आखायच्या कुंचल्यानं वर काळा रंग दिला. तेव्हापासून डावा जरा घोगरा. "तुझ्यासारखाच, कायम सर्दी!" काका चिडवायचे.

काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. यंदा नवे वूफर आले. काढताना उजवा जुना फाटलाच. काकांनी दोन्ही नवे बसवले आणि मला हाक मारली. खरं सांगते, अंगावर काटा आला. गाणारी बाई अगदी समोर येऊन बसली होती.

"काका, आज माणूस आला!"

"व्हय," काका म्हणाले. "पण आपला नाय."

आठ दिवस दार बंद. मग पुन्हा हाक. बसले, तर डावीकडून तोच जुना घोगरा आवाज. ठिगळ परत आलं होतं! आणि उजवा? नवाकोरा असूनही अगदी त्याच्या जोडीचा.

"मोबाइलवरून याची धार उतरवली," काका म्हणाले. "आठ दिवस लागले."

"अहो, एवढं नवं आणून बिघडवलंत की!"

"असू दे गो. तेव्हा मी टेम्पोत बसून आलो, ती चालत आली. आता तरी तिच्या बरोबरीनं चालतो."

मला रडूच आलं. गाणं संपलं तरी काकांनी काही विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "काका, आल्या हो."

"व्हय," म्हणाले, आणि उठून माझ्यासाठी पाणी आणायला गेले.