सुलभाताईंचा बशीएवढा होस्टा

कामावर जाण्याआधी सुलभाताई रोज सकाळी गोगलगाई हद्दपार करायच्या. चिमट्याने उचलून गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरायच्या आणि गाडीने पार आमच्या हेन्डरसन उपनगराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडायच्या. "मारणार नाही," त्या म्हणायच्या, "पण तोंडही बघणार नाही."

हा सगळा संताप एका होस्टापायी; गोगलगाई त्याची कोवळी पानं फस्त करायच्या. होस्टा म्हणजे सावलीत वाढणारं, पानांसाठीच लावायचं झाड. त्यातली ही अगदी बुटकी जात, अख्खं झाड चहाच्या बशीत मावेल. फार्मसिस्ट असलेल्या माझ्या या शेजारणीने ते मागच्या अंगणात ट्री-फर्नखाली, म्हणजे झाडाएवढ्या उंच नेच्याखाली, लावलं होतं. कुणी कौतुकाने 'किती छोटंसं' म्हणालं की संपलंच. "छोटं काय? पूर्ण वाढलंय ते. तुम्हाला कुणी म्हणतं का छोटं?" मी पाच फूटही नाही, त्यामुळे विषय बदलायचे.

त्या वर्षी माझी आई सांगलीहून आली होती. गणेश चतुर्थीच्या सकाळी ती पत्री शोधायला बाहेर पडली. पूजेसाठी शेजारच्या बागेतलं तोडलं तर आमच्या सांगलीत त्याला चोरी म्हणत नाहीत. इथे परदेशात ना आघाडा, ना शमी; शिवाय दक्षिण गोलार्धात गणपतीत हिवाळा नुकता संपलेला असतो. तिने सरळ सुलभाताईंचं फाटक उघडलं आणि नुकती फुटलेली सहा निळसर पानं खुडून आणली. झाडाला होती तेवढीच.

संध्याकाळी सुलभाताई दारात हजर.

"काकू, हिवाळाभर वाट बघितली मी त्या पानांची. आता झाड जगेल की नाही, देव जाणे."

"देवालाच वाहिली गं," आई म्हणाली.

"देवाला दूर्वा चालतात ना? माझ्या लॉनवर गवत आहे की, हीप्स, ढिगाने."

मलाही राग आला. सहा पानांसाठी सत्तरीच्या बाईला इतकं बोलायचं? आईने मात्र त्यांना बसवून मोदकांची ताटली पुढे केली. सुलभाताईंनी रागारागाने तीन खाल्ले.

"अकरा वर्षं झाली मला इथे," त्या म्हणाल्या. "फोन केल्याशिवाय माझं फाटक कुणी उघडलं नाही. हक्काने काही नेणं तर लांबच." आवाज अजून चढलेलाच होता, पण डोळे भरून आले होते. "तुम्ही परत कधी जाणार?"

"पुढच्या आठवड्यात."

"तिकीट पुढे ढकला," त्या फणकारल्या. "जगलंच झाड, तर पानं फुटायला महिना लागेल. मग खुडायला कोण येणार?"