विहीणबाई आणि पेट्रोलची नळी

"गाडी म्हणजे काय गो? छोटा पावरहाऊसच! पोफळीच्या पावरहाऊसात तीस वर्षं गळत्या बुजवल्यात मी!" असं बायकोला ऐकवत धाकूभाऊंनी आपली सव्वीस वर्षांची गाडी सुरू केली.

आज विरारहून मुलीकडची माणसं घर बघायला येत होती. मुलगा संदेश चौतिशीला आलेला, आणि आधीची दोन स्थळं 'मुलगा मुंबईत नाही' म्हणून फिरलेली. हे तिसरं! पाहुण्यांना चिपळूण स्टेशनावरून रिक्षाने आणायचं? छे! गेला मान!

पिंपळीला गाडीने दोन गचके दिले आणि बसली.

"पेट्रोल पोचत नाय," धाकूभाऊंनी बॉनेट उघडून निदान केलं. "फिल्टर चोंदला!"

फिल्टर काढला, फुंकला, बसवला. गाडी ढिम्म!

"मग पंपच गेला!" त्यांनी पंपावर पान्याने दोन टोले हाणले. दुसरा स्वतःच्या अंगठ्यावर!

"अवो, रेल्वे येवन गेली आसंल," विमलाबाई रडकुंडीला आल्या. "रिक्षा करूया!"

"तू गप! टाकीत पेट्रोल हाय, मग जातंय कुठं?"

शेवटी त्यांनी टाकीकडून येणारी नळी सोडवली, तोंडात धरली आणि जीव खाऊन ओढायला लागले. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पेट्रोल काही येईना.

तेवढ्यात समोरून आलेली एक रिक्षा थांबली. विमलाबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहिलेल्या नम्रताताई खाली उतरल्या. होणाऱ्या विहीणबाई! आणि व्याही नळी चोखतायत! विमलाबाईंनी पदराने तोंडच झाकलं.

"टाकीचं झाकण उघडून बघितलंत?" नम्रताताईंनी विचारलं.

नळी तोंडात ठेवूनच धाकूभाऊंनी नकारार्थी मान हलवली. बाईमाणूस गाडीतलं विचारतंय? पण ही बाई पंधरा वर्षं शाळेची व्हॅन चालवत होती. तिने सरळ जाऊन झाकण फिरवलं.

फुस्स्स! टाकीने श्वास घेतला आणि एवढा वेळ अडलेलं पेट्रोल थेट धाकूभाऊंच्या घशात!

"पेट्रोल बाहेर जायचं तर हवा आत यायला नको?" ते खोकत असताना नम्रताताई म्हणाल्या. "झाकणाला त्यासाठी भोक असतं. हे पुट्टी भरून बुजवलं कुणी?"

"मीच," धाकूभाऊ पुटपुटले. "वास येत व्हता. म्हटलं, पावण्यांना कशाला..."

नम्रताताईंनी साडीची पिन काढून भोक मोकळं केलं, नळी बसवली, चावी फिरवली. गाडी सुरू! मग त्यांनी धाकूभाऊंना नखशिखांत न्याहाळलं.

"एक विचारते, रागावू नका. मुलगा कुणावर गेलाय?"

"माझ्यावर!" विमलाबाई किंचाळल्याच. "सगळा माझ्यावर!"

'संदेश म्हणजे दुसरा मीच' असं चौतीस वर्षं गावभर सांगत फिरलेले धाकूभाऊ बायकोकडे बघतच राहिले. मग त्यांना ती दोन स्थळं आठवली.

"हां," ते म्हणाले. "माझा त्याच्यात काय पण नाय!"