बराखीतलं चीज

हौशीरामला जावयाचा रुसवा काढायचा होता, म्हणून त्याने मंचरहून चीजची वडी आणली. इथूनच सगळं बिघडलं.

जावई अमृत पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात आचारी. लग्नात हौशीराम भर मांडवात बोलून गेला होता, "सैपाक करनं हे काय बाप्याचं काम हाय व्हय?" आम्हा निरगुडसरच्या गावकऱ्यांची ही खोडच. तोंड आधी उघडतं, डोकं मागून येतं. हौशीराम बोलला आणि आम्ही खदाखदा हसलो. तेव्हापासून अमृतने सासुरवाडीचा उंबरा ओलांडला नव्हता. आता अधिक महिना लागला, जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं. लेकीने, समृद्धीने, फोनवरून बजावलं, "आप्पा, ह्या टायमाला त्यांचा मान राखा. न्हाईतर मीबी परत यायची न्हाई."

हौशीराम हबकला. टीव्हीवर त्याने हिंदीतून पाहिलं होतं, गोरे लोक चीज महिनोनमहिने फळीवर ठेवतात, बुरशी आली की कौतुकाने हुंगतात आणि बड्या हॉटेलांत तेच वाढतात. झालं! जावयाला तसलं वाढायचं ठरलं.

"फ्रीजमधी ठेवा आन लवकर संपवा," वडी देताना मंचरचा बेकरीवाला म्हणाला होता.

"संपवायचं न्हाई, जुनं करायचंय," हौशीराम ऐटीत म्हणाला.

कांदेवाल्याला माल टिकवायची जागा एकच ठाऊक, कांद्याची बराख. खालून वारा, वरून छप्पर. त्याने वडीचा कागद काढला, जुन्या धोतराच्या फडक्यात ती गुंडाळली आणि कांद्यांवर नेऊन ठेवली. प्रयागबाईला सांगितलं नाही, कारण बायको हसली असती.

ऊन कडक. थोड्याच दिवसांत बराखीतून वास सुटला.

"अवो, कांदा सडाय लागलाय!" प्रयागबाईने कपाळाला हात लावला. एक सडला की शेजारचा सडतो, म्हणून शेजारच्या ठकूबाईला हाताशी घेऊन तिने अख्खी बराख उपसली. हौशीरामने त्याआधीच वडी गुपचूप बाजरीच्या कोठीत हलवली. सडका कांदा एकही निघाला नाही आणि वास मात्र घरात आला.

"उंदीर मेलाय कुठंतरी," ठकूबाई म्हणाली. मग घर उपसलं. तोवर वडी गोठ्यात गेली, तर म्हशीने वैरण सोडली.

"हिला काय झालं आता?" प्रयागबाईने विचारलं.

"उन्हानं व्हतं आसं," हौशीराम म्हणाला. मनातून तो खूश होता. एवढा वास येतोय म्हणजे नक्की जमतंय!

जेवणाचा दिवस उजाडला. अमृत आला, पण जेवून लगेच निघायचं म्हणतच पाटावर बसला. ताटात पुरणाचे धोंडे, वर तूप. तेवढ्यात हौशीरामने स्वतःच्या हाताने ताटली आणली. वर ठेवलेली वडी हिरवीगार, केसाळ आणि कडेने पाझरणारी.

"आगं बया, हेच व्हय ते!" प्रयागबाईने पदर नाकाला लावला. "माझी बराख उपसायला लावली ह्या मानसानं!"

"जुनं चीज हाय. खास जावयबापूंसाठी."

अमृतने ताटलीकडे बघितलं. "मामा, हे कारखान्यात शिजवून भरलेलं आसतं. हे जुनं व्हत न्हाई. नुस्तं सडतं."

समृद्धीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून अमृत कसनुसा हसला. "पर तुमी माझ्यापायी एवढं केलं," म्हणत त्याने तुकडा उचलला.

हौशीराम पुढे झेपावला. ज्याचा मान राखायचा, तेच पोरगं आपला मान राखायला सडकं खायला निघालं! "ठेवा वो पावणं!" म्हणून त्याने तुकडा हिसकावला आणि फेकून द्यायचा सोडून स्वतःच्या तोंडात टाकला. का टाकला, ते त्याला अजून सांगता येत नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. हौशीराम कधी परसाकडे, कधी खाटेवर. मुक्काम न करता जायचं म्हणून आलेला अमृत राहिला. चुलीपुढे बसून त्याने मऊ भात शिजवला, ताकाला जिरं लावलं आणि वाटी घेऊन सासऱ्याच्या उशाशी बसला.

"अधिकात जावयाला जेवू घालायचं, आन हितं जावयच सासऱ्याला भरवतोय," प्रयागबाई कुरकुरली. "लोकं काय म्हनतील?"

लोकं म्हणजे आम्हीच. बातमी काढायला दारात उभे होतो. हौशीरामने आम्हा सगळ्यांकडे नीट बघितलं, घास गिळला आणि मांडवात काढला होता तसाच आवाज काढला.

"म्हनू द्या! जावयबापू, आजून वाढा. असला ग्वाड भात ह्या घरात आजपतुर कुनीच केला न्हाई!"

अमृत खळखळून हसला. समृद्धीही हसली. प्रयागबाई मात्र उठली आणि पिशवी भरून माहेरी अवसरीला निघाली.

आता तिचा रुसवा काढायला काय न्यावं, हे हौशीराम आम्हाला विचारतो आहे.