अकराव्या नावानंतर भोपळा

"मॅडम, तुम्ही शेवटचं कधी हसला होतात?"

हा प्रश्न मेरिदेलने सोमवारी सकाळी, झेंडावंदन झाल्या झाल्या, मुख्याध्यापिका कातिग्बाक मॅडमना त्यांच्याच खोलीत उभं राहून विचारला. प्रश्न तिचा नव्हता. क्रिंग आणि जोआन या दोघींनी पैज लावली होती की विचारून दाखव, आठवडाभर साखरेत तळलेली केळी आमच्याकडून. दहावीत आल्यापासून मेरिदेल वक्तृत्वात एकदा दुसरी आली होती, आणि तेव्हापासून जगात कुणालाही काहीही विचारता येतं असा तिचा पक्का समज झाला होता.

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या कागदाकडे.

"हा कसला अर्ज?"

"पुढच्या वर्षीच्या शाखेचा. नाट्य शाखा. तुमची सही हवी होती, मॅडम."

"पालकांची सही कुठे आहे?"

"तुमची झाली की ते करतील."

"त्यांना हे माहीत आहे?"

"होईल, मॅडम."

मॅडमनी अर्ज खणात टाकला, खण बंद केला आणि म्हणाल्या, "अर्जाचं बघते. प्रश्नाचं उत्तरही देईन. आठवावं लागेल."

बाहेर दोघी खिडकीला कान लावून उभ्या होत्या. "आठवावं लागेल?" क्रिंग म्हणाली. "अगं, म्हणजे आपण जन्माला यायच्या आधीचं असणार!"

त्याच दुपारी मॅडमची आई वारली. एक्याण्णव वर्षांची लोला कोंचिंग, झोपेतच गेली. मेरिदेलला वाटलं, झालं, खणातला अर्ज आता खणातच राहणार. क्रिंगला मात्र वेगळीच काळजी. "मयताच्या आठवड्यात केळी खातात का गं?" असं विचारून तिने पैज पुढे ढकलली.

आता मेरिदेलच्या आईबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. म्हणजे तिच्यामुळे नाही, लोकांमुळेच. पण तोंड तिचं होतं.

तिचं नाव फिलोमेना. मारिकिना शहरात हे नाव फक्त पोस्टमनला ठाऊक आहे. बाकी सगळ्यांसाठी ती 'मनांग पियांग', म्हणजे पियांगताई. एकोणिसाव्या वर्षी लुसेनाहून ती इथल्या बुटांच्या कारखान्यात शिलाईला आली. तिथेच नेस्तोर नावाचा एक मुका वाटणारा कारागीर भेटला. तो मुका नव्हता, त्याच्या तोंडात कायम बुटाचे खिळे धरलेले असायचे, एवढंच. लग्न झालं. पुढे एका मैत्रिणीने तिला टीव्हीच्या स्टुडिओत नेलं, टाळ्या वाजवायला. विनोदी प्रहसनांचा कार्यक्रम होता. त्या दिवशी प्रमुख नटीने माशाने थोबाडीत खायला साफ नकार दिला. "ओला मासा? माझ्या गालावर?" म्हणून ती निघून गेली. दिग्दर्शकाने प्रेक्षकांत बोट फिरवलं आणि ते फिलोमेनापाशी थांबलं. तिने थोबाडीत खाल्ली, सावकाश वळली, माशाकडे बघून म्हणाली, "कितीला दिलास?" स्टुडिओतलं हसू पाच मिनिटं थांबलं नाही. फिलोमेनाला नोकरी लागली.

मग एकोणीस वर्षं. ती मोलकरीण झाली, दुसरी मोलकरीण झाली, गटारात पडणारी वहिनी झाली, आणि शेवटी मनांग पियांग झाली: मयताच्या घरी प्रार्थना सांगणारी म्हातारी, जिला मधेच डुलकी लागते. दर शनिवारी तेच. मरियामाउलीची नावं घ्यायची, प्रत्येक नावाला लोकांनी "हिच्यासाठी विनंती कर" म्हणायचं. अकराव्या नावाला म्हातारीचा डोळा लागायचा आणि तोंडातून बाजाराची यादी सुरू व्हायची. भोपळा. लोक म्हणायचे, "हिच्यासाठी विनंती कर." असं सुक्या मासळीपर्यंत. मग मागून एक चप्पल यायची, डोक्यात बसायची, म्हातारी दचकून विचारायची, "आमेन! कुठवर आले होते मी?" अख्खा देश तिच्याबरोबर म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी कार्यक्रम बंद पडला. फिलोमेना आता घरीच नवऱ्याबरोबर चपलांचे पट्टे शिवते. पण लोकांचं हसणं काही बंद पडलं नाही. गेल्या वर्षी ती मासळी बाजारात पाय घसरून पडली, घोटा मोडला. कोळणींनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाली, "मनांग, परत एकदा, माझ्या बहिणीने बघितलं नाही!" दवाखान्यातल्या नर्सला तर "कुठे दुखतंय?" एवढंसुद्धा हसण्याशिवाय विचारता येईना.

म्हणून फिलोमेनाने ठरवून टाकलं होतं: मेरिदेल दातांची डॉक्टर होणार. "दातांच्या डॉक्टरपुढे माणूस तोंड उघडतो," ती म्हणायची, "पण हसत नाही. इज्जत म्हणतात ती ही."

तर मंगळवारी दुपारी साडेचारला दारात मॅडमचे धाकटे भाऊ मांग रुफो, म्हणजे रुफोकाका, उभे.

"मनांग, चला! पाचला प्रार्थना आहे आणि आलिंग सेपाचा आवाज गेलाय."

आलिंग सेपा म्हणजे गल्लीतली खरी प्रार्थनावाली. तीस वर्षांत तिने एक मयत चुकवलं नव्हतं. पण रविवारी नातवाचा बाप्तिस्मा झाला, गाण्याचं यंत्र भाड्याने आणलं होतं, आणि आलिंग सेपाने माइक संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

"मग मी काय करू?" फिलोमेना म्हणाली.

"तुम्ही सांगा प्रार्थना! एकोणीस वर्षं सांगताय!"

"अहो, ते टीव्हीवर! मला खरी येत नाही."

मांग रुफो हसायला लागले. "ऐकलंत का, नेस्तोर? खरी येत नाही म्हणे!"

"खरंच येत नाही. अकराच नावं येतात. पुढे भाजी आहे."

"पुढे भाजी!" मांग रुफोंनी दाराची चौकट धरली. डोळ्यांतून पाणी. "अहो, आज नका ना हसवू. माझी आई गेलीये."

फिलोमेनाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या तोंडात खिळे. त्याने खांदे उडवले.

"बरं, पुस्तक आहे का तरी?" तिने विचारलं.

"आहे की, पाद्रीबाबांचं आहे. चला, चला."

पुस्तक आहे म्हटल्यावर तिला धीर आला. वाचायचंच तर आहे. तिने काळा झगा चढवला. काळी जाळीची ओढणी घरात एकच होती, मनांग पियांगची; तीच घेतली. "मेरिदेल, चष्मा आण गं! पेटीवरचा!"

मेरिदेल धावली. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं: नानाय, म्हणजे आई, मॅडमच्या घरी प्रार्थना सांगणार, मॅडम खूश होणार, खण उघडणार. त्या आनंदात तिने पेटीवरचा चष्मा न घेता पेटीतला घेतला.

मॅडमच्या अंगणात मांडव होता, पत्त्यांची दोन टेबलं, बिस्किटं, कॉफी. आत शवपेटीजवळ मॅडम ताठ बसल्या होत्या. आई गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून एक थेंब आला नव्हता, असं बायका कुजबुजत होत्या. आलिंग सेपा दाराशी बसली होती, गळ्याला फडकं गुंडाळून, आणि आपल्या जागेवर दुसरी कोण बसते ते बघत होती.

फिलोमेना समोर गुडघ्यावर बसली. पुस्तक उघडलं. चष्मा लावला. पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं. मग चष्म्याच्या भिंगातून बोट घालून डोळा पुसला.

बोट आरपार गेलं. भिंगं नव्हतीच. तो मनांग पियांगचा चष्मा होता.

तिने मान वळवून लेकीकडे पाहिलं. ते बघणं मेरिदेलला जन्मभर पुरेल.

पण लोक हात जोडून बसले होते. फिलोमेनाने डोळे मिटले आणि सुरू केलं. आवाज मात्र फार सुंदर लागला. "पवित्र मरिये."

"हिच्यासाठी विनंती कर."

"देवाच्या पवित्र माते."

"हिच्यासाठी विनंती कर."

मेरिदेल बोटं मोजत होती. सात. आठ. नानायचा वेग कमी होत चालला होता. नऊ. दहा.

"अद्भुत माते," फिलोमेना म्हणाली. अकरा.

"हिच्यासाठी विनंती कर."

कोपऱ्यातला पंखा एकदा इकडे फिरला, एकदा तिकडे. फिलोमेना बारावं नाव आठवत होती. तिच्या कपाळावरची शीर दिसत होती. पण तोंडाला कुठे थांबायची सवय? एकोणीस वर्षांची वाट पाठ होती त्याला.

"भोपळा," तोंड म्हणालं.

"हिच्यासाठी विनंती कर," सगळे म्हणाले.

कुणाच्या लक्षातच आलं नाही! मेरिदेलने जिभेवर दात रोवले. नानायचा चेहरा पांढरा पडला होता, पण आता थांबली तर सगळ्यांना कळणार, आणि पुढचं नाव तर येत नाही.

"वांगी," ती अगदी भक्तिभावाने म्हणाली.

"हिच्यासाठी विनंती कर."

"दोडका."

"हिच्यासाठी..." इथे बाहेरच्या पत्त्याच्या टेबलावरून एक फुसकन आवाज आला.

"मुळा."

आता अर्धेच लोक विनंती करत होते. बाकीच्या अर्ध्यांनी रुमाल तोंडात कोंबले होते. आणि दाराशी आलिंग सेपा उठून उभी राहिली. तीस वर्षांची तिची प्रार्थना, आणि हिने तिचा बाजार केला! तिने ओरडायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. तिने हात हलवले, कुणी पाहिलं नाही. शेवटी तिने पायातली चप्पल काढली आणि फेकली.

चप्पल आली, ओढणीवर बरोबर मधोमध बसली. टप्प.

फिलोमेना दचकून वळली. तिला दुसरं काय येणार होतं? "आमेन!" ती म्हणाली. "कुठवर आले होते मी?"

आता कुणी हसेना. सगळ्यांच्या माना मॅडमकडे वळल्या. मॅडमनी चेहरा हातांनी झाकला होता आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते.

"रडली एकदाची!" मांग रुफो धावले. "पाणी आणा! वारा घाला!"

मॅडमनी हात काढले. त्या रडत होत्या, हे खरं. पण हसतही होत्या, आणि दोन्ही एकदम करायची सवय नसल्यामुळे त्यांना उचकी लागली होती.

"कारलं," त्या म्हणाल्या.

"काय, मॅडम?" फिलोमेनाने विचारलं.

"कारलं गाळलंत तुम्ही. दोडक्यानंतर कारलं असतं." मॅडमनी नाक पुसलं. "आई दर शनिवारी खाटेवरून तुम्हाला उत्तरं द्यायची. मोठ्याने. मी म्हणायचे, आई, हे पाप आहे, आणि टीव्ही बंद करायचे. मग ती एकटीच अंधाऱ्या टीव्हीसमोर यादी पुरी करायची." त्या शवपेटीकडे वळल्या. "पुरी केल्याशिवाय झोपायची नाही. घ्या कारलं."

फिलोमेनाने ओढणी सारखी केली.

"कारलं," ती म्हणाली.

"हिच्यासाठी विनंती कर," मॅडम म्हणाल्या, सगळ्यांच्या आधी.

सुकी मासळी झाल्यावर आलिंग सेपा एका पायात चप्पल घालून पुढे आली, फिलोमेनाशेजारी बसली आणि तिच्या कानात बारावं नाव कुजबुजली. मग तेरावं. फिलोमेना मोठ्याने म्हणत गेली. पन्नासच्या पन्नास नावं झाली, एकही भाजी आली नाही.

निघताना मॅडम फाटकापर्यंत आल्या. "मेरिदेल, तू एक प्रश्न विचारला होतास. उत्तर लिहून घे: मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं. आणि अर्ज परवा घेऊन जा. सही केली म्हणून समज."

"कसला अर्ज?" फिलोमेना म्हणाली.

मेरिदेल फाटकाच्या गजांकडे बघत राहिली.

मयताहून सरळ घरी जायचं नसतं, नाहीतर गेलेला माणूस मागोमाग येतो. म्हणून फिलोमेना, मेरिदेल आणि मेरिदेलचे ताताय, म्हणजे नेस्तोर, असे तिघं नाक्यावरच्या पेजेच्या टपरीत टेकले. तिथे मयतावरची अर्धी माणसं आधीच बसली होती. फिलोमेना आत येताच सगळे उठून उभे राहिले. एकाने खुर्ची पुसली. हसलं कुणीच नाही, त्यामुळे तिला जरा चुकल्यासारखं झालं.

पेज आली. आलं आणि अंडं घातलेली. ती कुणी खाईना.

"नाट्य शाखा," फिलोमेना म्हणाली. "माझ्यापासून लपवून. आज बघितलंस ना, काय वाट्याला येतं? मेलेल्या बाईसमोर चप्पल खाल्ली मी, चप्पल!"

"चप्पल चांगली आहे," ताताय म्हणाले. दोघी दचकल्या, त्यांच्या तोंडात खिळे नसतात तेव्हा ते बोलू शकतात हे विसरायलाच होतं. "माझीच आहे. गेल्या सणाला आलिंग सेपाने नेली होती. एवढ्या जोरात लागली, पण शिवण उसवली नाही."

"तुम्ही गप्प बसा हो!"

"नानाय, ती बाई कालपासून रडली नव्हती," मेरिदेल म्हणाली. "दातांच्या डॉक्टरने रडवली असती का तिला? म्हणजे, रडवली असती. पण हसवली असती का?"

फिलोमेनाने चमचा पेजेत फिरवला. एकदा. दोनदा. "आणि चष्मा? डोळे कुठे असतात तुझे?"

"चष्म्याचं चुकलं. एकशे एक टक्के माझं चुकलं." मेरिदेल उभी राहिली. टपरीतली अर्धी माणसं आता उघडच ऐकत होती, आणि त्यामुळे तिचा आवाज आपोआप वक्तृत्व स्पर्धेचा झाला. "नानाय, ताताय, माझं ठरलंय. मी नाट्य शाखाच घेणार. पण त्याआधी उद्यापासून रोज शाळा सुटल्यावर आलिंग सेपाकडे बसून सगळी प्रार्थना पाठ करणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आपल्या घरात एका माणसाला तरी भोपळ्याच्या पुढचं आलं पाहिजे."