घाम न येणारी बायको

दौलतला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मेलेल्या माणसाला सोनं आणि पितळ यांतला फरक कळत नाही! जिवंत माणसांना फसवणं कटकटीचं. त्यांना डोळे असतात, शेजारी असतात, माहेर असतं. मेलेल्याला यातलं काय असतं? हा शोध त्याला लालबागच्या चाळीच्या गॅलरीत दात घासताना लागला आणि तो स्वतःवर इतका खूश झाला की चूळ थुंकायची ती गिळूनच टाकली.

शोधाला कारण होतं. त्याची पहिली बायको रखमा तापानं गेली आणि वर्ष उलटल्यावर शेवंती घरात आली. घराण्याची रीत अशी की, दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीची छोटी पुतळी गळ्यात बांधायची. नवं लुगडं आलं की आधी पुतळीला लावायचं, सणाचा घास आधी पुतळीला दाखवायचा, मग आपण. म्हणजे गेलेली बाई रुसत नाही आणि नवीच्या संसारावर डोळा ठेवत नाही. दौलतची आई सुभद्रा तर मांडवातच बजावून बसली होती, "रखमाची पुतळी सोन्याचीच व्हयी! नायतर ती ह्या घरात कोणाक झोपाक देवची नाय."

सोनं कुठलं आणायचं? दौलत कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, पेढीवर नव्हता. शिवाय शेवंतीला पाटल्या कबूल केलेल्या. तेव्हा लालबागचं कोणी भेटू नये म्हणून ट्राम पकडून तो थेट गिरगावात गेला. तिथल्या एका गल्लीत जगदीशशेठचं खोट्या दागिन्यांचं दुकान होतं. शेठनं काचेवर मखमल अंथरली आणि देवाचं नाव घ्यावं तशा भक्तीनं सुरुवात केली.

"हे गिलीट. पितळेवर सोन्याचं पाणी. वऱ्हाड परतेपर्यंत चमकतं. हा विजेचा मुलामा, ह्याच्यावर चार सण निघतात. हे लाखेवरचं. वर सोन्याचा पापुद्रा, आत लाख. पडलं की फुटलं. आणि हे रोलगोल्ड! तांब्यावर सोन्याचा पत्रा दाबलेला. सुनेला घाला, ती सासू होईस्तोवर काही कळणार नाही. बोला, कुणासाठी हवंय?"

"दोन बायकांसाठी," दौलत म्हणाला.

शेठनं चष्मा वर केला. "घाम येतो का?"

"आँ?"

"मुलाम्याचा खरा वैरी घाम. बायकांना घाम कितपत येतो?"

दौलतनं प्रामाणिकपणे विचार केला. "एकीला येतो. दुसरीला अजिबात नाही."

"अजिबात नाही? मे महिन्यातही?"

"बाराही महिने नाही!"

"नशीबवान आहात. प्रकृती कशी असते त्यांची?"

"आता काही तक्रार नाही."

"मग त्यांना गिलीट खुशाल घ्या!" शेठ म्हणाला. "घामवाल्या बाईंना मात्र रोलगोल्डच. मुलाम्याच्या फंदात पडू नका, लाखेकडे तर बघूच नका."

अशा रीतीनं शेवंतीला रोलगोल्डच्या पाटल्या आणि रखमाला गिलिटाची पुतळी मिळाली. पुतळ्या छापाच्या होत्या, परातभर पडलेल्या, सगळ्यांचा चेहरा एकच. तरी दौलतनं उलथापालथ करून जरा रखमासारखं नाक असलेली निवडली. एवढं केल्यावर आपण पहिल्या बायकोला अंतर दिलं नाही असं त्याला मनापासून वाटलं. घरी सुभद्रेनं पुतळी डोळ्यांना लावली आणि सगळ्या मजल्याला दाखवून आली. माझ्या लेकानं सोन्याची केली, सोन्याची!

एवढा हिशेब करणाऱ्या दौलतच्या एकच गोष्ट ध्यानात आली नव्हती. पुतळी रखमाची असली, तरी गळा शेवंतीचा होता! आणि शेवंती दिवसभर चुलीपुढं, नाहीतर नळावर.

आठवडाभरात सकाळी सुभद्रेची किंकाळी ऐकू आली. "रखमान तोंड काळा केल्यान गो!"

खरंच, पुतळीचा चेहरा काळवंडला होता. डोळ्यांच्या जागी तर नुसत्या दोन काळ्या खाचा. शेजारची राधाबाई धावत आली. तिनं पुतळीकडे पाहिलं, शेवंतीकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. त्याच वेळी खोलीत सुरंगीच्या फुलांचा वास दरवळला. रखमा सुरंगीचा वळेसर माळायची. पण सुरंगीचा हंगाम केव्हाच सरला होता आणि लालबागमध्ये सुरंगी आणणार कोण? वास सगळ्यांना आला.

सुभद्रेनंच निकाल दिला. "रखमाक ही पसंत नाय. थोडे दिस बघूया. उजळली तर बरी, नायतर शेवंतीक बोटीत बसवून माहेराक धाड. माका घरात मुडदो नको."

शेवंती त्याला फार आवडत होती. दिवसभर गिरणीत कान बधिर झाल्यावर तिचा हळू आवाज ऐकला की त्याला आपण माणूस असल्याची आठवण यायची. ती गेली तर? आईला खरं सांगावं, तर सगळ्या चाळीत शोभा! त्यानं पुन्हा ट्राम पकडली. जगदीशशेठच्या परातीतून तशीच दुसरी पुतळी घेतली आणि शेवंती मोरीत अंघोळीला बसली असताना खुंटीवरच्या काळ्या रखमाला खिशात टाकून तिथं गोरी रखमा अडकवली.

चेहरा उजळला! सुभद्रेनं नारळ फोडला. राधाबाईनं साखर वाटली. पण पुन्हा घाम, पुन्हा काळोखी, पुन्हा गिरगाव. असं चाललं, आणि चाळीला एक देवस्थानच मिळालं! बायका पुतळीपुढं प्रश्न घेऊन येऊ लागल्या. काळी पडली तर नाही, उजळली तर होय. कुणाची गावाकडची गाय गाभण राहील का, कुणाचा नवरा मनिऑर्डर का पाठवत नाही. तळमजल्यावरचे संयुक्त महाराष्ट्र समितीवाले एरवी भुताखेतांना हसत, तेही एक दिवस टोप्या सावरत वर आले. "रखमावैनी, मुंबई मिळतली काय?"

पुतळी काळीठिक्कर होती. समितीवाल्यांचे चेहरे तसेच झाले. दुसऱ्या दिवशी दौलतनं निमूटपणे पुतळी बदलली, आणि चाळीत अशी आरोळी उठली की रस्त्यावरची कबुतरं उडाली, "झालाच पाहिजे!"

इकडे दौलतच्या तंबाखूच्या चंचीत काळ्या रखमा साठत चालल्या. फेकायच्या कुठं? बायको ती, गटारात कशी टाकणार! साच्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही, पण दौलतला चंचीतली कुजबुज ऐकू यायची. तंबाखू घ्यायला बोटं घातली की एखादं थंडगार नाक लागायचं. त्यानं तंबाखू सोडली.

मग एकदा हरताळ झाला. ट्राम बंद, दुकानं बंद, गिरगाव दूरच राहिलं. पुतळी आदल्या दिवशीच काळी पडली होती. आता आई बोटीचं बघणार म्हणून दौलत खाली मान घालून बसला होता. तेवढ्यात शेवंती मोरीतून बाहेर आली आणि तिच्या गळ्यात रखमा लखलखत होती.

दौलतनं डोळे चोळून पाहिलं. त्यानं पुतळी बदललीच नव्हती! आणि आजची चमकही वेगळी होती, जरा पिवळीजर्द, दात विचकल्यासारखी. त्या दिवसापासून शेवंतीही बदलली. भाकरी थापताना पुटपुटायची, मध्येच थांबून कुणाचं तरी ऐकायची, फिसकन हसायची.

"कोणाशी बोलतेस?" त्यानं एकदा धीर करून विचारलं.

"रखमाताईशी," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

पुढं शिवाजी पार्कवर मोठी सभा होती. सगळी चाळ निघाली. सुभद्रा आणि राधाबाई सुद्धा वहाणा घालून तयार. शेवंती मात्र डोकं दुखतं म्हणून मागं राहिली. परळपर्यंत दौलतनं घोषणा दिल्या, पण सगळं लक्ष घराकडं होतं. शेवंती आणि ती, दोघीच घरात! तो मोर्च्यातून मागं फिरला आणि धावत सुटला.

भर दुपारचे बारा. गिरण्यांचे भोंगे बंद. एरवी माणसांनी खच्चून भरलेली चाळ रिकामी पडली होती. नळाला पाणी नव्हतं, स्टोव्हचा आवाज नव्हता. दोरीवरची लुगडी वारा नसताना हलत होती. जिन्यावर त्याला स्वतःचीच पावलं मागून आल्यासारखी वाटली. गॅलरीत पोचला आणि थिजला. त्याच्या खोलीत दोन बायका बोलत होत्या! एक आवाज शेवंतीचा. दुसरा जरा घोगरा, नाकातला, दमून आल्यासारखा. तो आवाज त्यानं पहिल्या संसारभर ऐकला होता.

दौलतनं डोळे मिटून दार ढकललं. आत शेवंती एकटीच होती. पुढ्यात धोतर पसरून ती गाठोडं बांधत होती.

"शेवंती, जाऊ नकोस गो!" तो मटकन खाली बसला. "रखमा रागावलेली नाही, ती पुतळी म्हणजे—"

"पितळेची आसा," शेवंती म्हणाली. "माका म्हायत आसा. हरताळादिवशी मीच चिंचेन घासलंय. सोना काळा पडता काय खय? घासल्यार वरचा पाणी गेला आणि आतला पितळ लकाकला."

दौलतचा जीव भांड्यात पडला. भूत नाही, काही नाही, साधी चिंच! त्याला हसू फुटलं. "म्हणजे एवढे दिवस तुझीच मस्करी चालली होती होय! आणि रखमाताईशी बोलते म्हणे!"

"बोलतंयच," शेवंती शांतपणे म्हणाली. "मी तिका इचारलंय, रागावलंस काय गो? ती म्हणाली, राग कसलो? माझ्या लग्नातल्यो बुगड्यो पण तसल्योच होत्यो. हिरवे कान केसांत लपवून संसार केलंय. तुझ्या हातातल्यो पाटल्योय बघून घे, म्हणाली."

दौलतचं हसू जागच्या जागी वाळलं. त्या बुगड्यांचं त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, मित्राला नाही, देवाला सुद्धा नाही. रखमानं पण कधी तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि त्याला वाटत होतं तिला कळलंच नाही! पुतळी शेवंतीच्या गळ्यात स्वस्थ लोंबत होती. एवढी वर्षं कान झाकून बसली बिचारी, हे मनात आलं आणि भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

"मग... तू माहेरी चाललीस?"

"मी कित्याक जावू?" शेवंतीनं गाठ आवळली आणि गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. "ह्या गाठोडा माझा न्हय, तुमचा. आमचा दोघींचा ठरलाहा. खऱ्या सोन्याची पुतळी येयपर्यंत तुमी भायर."

दार लागलं. आतून पुन्हा बोलणं सुरू झालं.

संध्याकाळी सभा सुटून चाळ परतली, तर दौलत गॅलरीत गाठोडं घेऊन बसलेला! "काय रे दौलत, खंय निघालंस?" समितीवाल्यांनी विचारलं. आता काय सांगणार? त्याच्या तोंडून सवयीनं खोटंच निघालं. "शपथ घेतलीय! संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला! सुभद्रेनं डोळे पुसले. कुणीतरी उठून तो मजकूर खडूनं जिन्याखालच्या फळ्यावर लिहिला.

सोनं लवकरच आलं. दौलतला भिशी लागली, त्यानं गुंजभर सोन्याची का होईना, अस्सल पुतळी घडवली आणि खिडकीतून आत दिली. शेवंतीनं ती दगडावर घासून पाहिली, कानाशी धरून काहीतरी ऐकलं आणि म्हणाली, "येवा आता आत." पण आत येणार कसा? खाली फळा होता, फळ्याशेजारी समितीवाले होते! राज्य व्हायला किती काळ लागला ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढे सगळे उन्हाळे-पावसाळे दौलत गॅलरीत जेवला, गॅलरीत झोपला आणि शेजारच्या चाळींतून दर्शनाला येणाऱ्या लोकांना नमस्कार करत राहिला.

अखेर राज्य झालं. चाळीनं त्याला गळाभर झेंडूचा हार घातला, लेझीम खेळत उंबऱ्यापर्यंत आणलं. शेवंतीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि वाकून त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "रखमाताई इचारता, हार तरी खऱ्या फुलांचो आसा मा?"